रेडिओवर राहिलेली पाठवणी

बुधवारची संध्याकाळ. मी आणि माझी बायको वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्यात टाकलेले. ती अंगठ्यानं दाबायची की दाणा परातीत आणि साल वाटीत. माझे दोन होईस्तोवर तिचे दहा. मधे रेडिओ ठेवलेला. रेडिओ चालू होता, पण त्यावर काही लागलं नव्हतं. नुसती खरखर.

"जरा वाढवा," ती म्हणाली.

"काय वाढवू? खरखर?"

"वाढवा म्हटलं ना. तुमाला काय तरास हाय?"

मी वाढवला. शेजारच्या खोलीत टीव्हीवर कसलीतरी मालिका चालली होती, भिंतीतून रडण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "यांच्या बाया रोज रडतात, यांना कंटाळा कसा येत नाय." मी हसलो. तिचे पाय सुजलेले होते, मांडी घालता येत नव्हती. भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. परात भरली तशी म्हणाली, "बिरडं उद्या करते. आज दमले."

हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही.

आता जे सांगायचं ते पहिलंच सांगून टाकतो, नाहीतर पुढं लिहवणार नाही. ती ज्या गाण्यासाठी दर बुधवारी त्या खरखरीपुढं बसायची, ते गाणं तिथं लागणार नाही हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती दवाखान्यात जायला तयार झाली असती, आणि कदाचित जगली असती.

मी चौथी शिकलेला माणूस. अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होतो. आमची खोली कुळगावात, चाळीत. तिचं माहेर बेलवलीच्या पुढं, आगरी वस्तीत. तिची आई धवलारीण होती. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नात धवळे म्हणणारी बाई. भटजी नंतर, आधी ती. ती धवळ्यातून एकेका देवाला हाक मारते, गावदेवीला मारते, घरातल्या गेलेल्या माणसांना मारते. या म्हणते, मांडवात बसा. आणि लग्न लागलं की शेवटचे धवळे म्हणून सगळ्यांना परत पाठवते. ती पाठवणी. ती झाल्याशिवाय मांडव सोडत नाहीत. माझ्या सासूला बाकी कशाचं भय नव्हतं, पण पाठवणी राहून जाण्याचं होतं. एका लग्नात म्हणे मारामारी झाली, वऱ्हाड पळालं, तरी ही बाई मोकळ्या मांडवात एकटी बसून पाठवणी पुरी करून मगच घरी आली.

एकटी म्हटलं खरं, पण धवळा एकटीनं होत नाही. एक पुढं म्हणते, दुसरी मागून झेलते. त्या दिवशी झेलायला माझी बायको होती. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. लग्नाआधी तिनं आईमागं किती मांडव केले असतील त्याची मोजदाद नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. एकदा मुंबईच्या रेडिओकडून गावात जीप आली. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, त्यात त्यांना जुनी लग्नाची गाणी पाहिजे होती. सासूनं साफ नाही सांगितलं.

"लगीन कुठं हाय? मांडव कुठं हाय? लगीन नसता बोलवून त्यांना बसवू कुठं?"

सरपंच समजावून दमला. मग मी बोललो. खरं कारण सांगतो. कारखान्यात सगळ्यांनी माझ्या घरच्यांचं ऐकावं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "आई, रेडिओ म्हणजे केवढा मोठा मांडव. अख्खा जिल्हा बसेल."

शेवटी सासू म्हणाली, "जावय, तुमी बोलता म्हणून म्हणते. पन पुरा लावायचा. बोलावणं लावलं तर पाठवणी पन लावायची."

रेडिओचा साहेब म्हणाला, हो हो, पुरा लावू.

शाळेच्या ओसरीत त्यांनी मशीन मांडली. मोठी चकती फिरत होती. सासूनं आधी दोन्ही हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या, मग दम घेतला. बांगड्यांचा आवाज आणि तो दम, दोन्ही मशीनमध्ये गेलं. साहेब म्हणाला, राहू दे, छान आहे. मग सासू पुढं आणि माझी बायको मागं, असं तासभर चाललं. ओसरीच्या कोपऱ्यात एक कुत्रं झोपलेलं होतं. बोलावणं सुरू झालं तसं ते उठलं आणि अंग चोरून, भिंतीला घासत निघून गेलं, जसं काही मधे माणसं बसलीत. तेव्हा आम्ही हसलो होतो.

पंधरा-वीस दिवसांनी गाणं लागलं. आमच्या खोलीत पंचवीस माणसं. बांगड्या वाजल्या, दम ऐकू आला, बोलावणं झालं. देव झाले, गावदेवी झाली, घरची गेलेली माणसं झाली. आणि मधेच निवेदिका बाई गोड आवाजात म्हणाली, वेळेअभावी उरलेला भाग पुन्हा कधीतरी. पुढं भातावरच्या औषधाची माहिती लागली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको मात्र भिंतीला चिकटल्यासारखी बसली होती.

"अवो, अर्धाच लावला."

"लावतील ना परत. बोलली ना ती."

"बोलावून ठेवलंय. आता ते कुठं जातील?"

सासू दुसऱ्या दिवशी चालत आली, बेलवलीच्या पलीकडून. घरात पाय ठेवला नाही. दारातून आत बघितलं, कोपऱ्याकोपऱ्यात बघितलं, आणि मुलीला म्हणाली, "बसायला काय तरी टाक गो. उभी हायेत."

तिथपासून आमच्या घरात ते सुरू झालं. बुधवारी तो कार्यक्रम असायचा. बुधवार आला की बायको रेडिओच्या बाजूला एक चटई टाकायची, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवायची. त्या चटईवर कुणी बसायचं नाही. मी एकदा चुकून पाय ठेवला तर म्हणाली, "सरकून जा, बसलेत." मी म्हटलं, "कोण बसलेत? नावं सांग." ती नावं सांगायला लागली. माझ्या बापाचं नाव घेतलं तेव्हा मी बास म्हटलं.

मी तिला सांगितलं, मग घरीच म्हण ना पाठवणी, तुला तर सगळी पाठ आहे. ती म्हणाली, "हाक रेडिओवरून मारली. घरातून म्हटलं तर त्यांना कसं कळंल? आणि मी पुढं म्हटलं तर झेलंल कोण? तुमी?" पुरुषानं धवळा म्हणायचा नसतो.

त्याच साली दिवाळीनंतर सासू गेली. आता पाठवणी राहिली ती फक्त मुंबईला त्या चकतीवर.

मग मी एक काम केलं. कारखान्यात आम्ही बोल्ट कसून आवळला की त्यावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून लाल रंगाचा एक ठिपका द्यायचो. बोल्ट जरा जरी हलला तर ठिपका फुटतो, लांबून कळतं. माझे ठिपके फुटत नसत, त्याचं मला भारी कौतुक होतं. आमच्या रेडिओचा काटा शेजारची पोरं फिरवायची, पुसताना फडक्यानं सरकायचा. बायकोला आकडे वाचता येत नव्हते. मी स्टेशन बरोबर लावलं, गुंडी आणि खोका मिळून जाड लाल ठिपका ओतला आणि वाळू दिला. म्हटलं, आता भूकंप झाला तरी तुझं स्टेशन हलणार नाही.

ती खूश झाली. ठिपक्यावर हळद-कुंकू लावलं.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. बुधवारी कार्यक्रम लागायचा, गाणं नाही लागायचं. चाळीत एकेकाकडे टीव्ही आला, मग रंगीत आला. रेडिओ ऐकणारं आमच्याशिवाय कुणी राहिलं नाही. तिच्या माहेरीसुद्धा भावानं जमीन विकून पहिला टीव्ही घेतला. आणि घरात तांब्यातलं पाणी कमी होत होतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण बुधवारी भरलेला तांब्या गुरुवारी बोटभर खाली असायचा. मी वरती ताट झाकून बघितलं. तांब्याला चीर असेल म्हणून खाली कोरा कागद ठेवला. कागद कोरडा, पाणी बोटभर कमी. शेवटी तांब्याच्या आत एक लाल ठिपका दिला, पाणी बरोबर तिथपर्यंत भरायचं. सकाळी ठिपका पाण्याच्या वर, कोरडा. ती म्हणाली, "आता तरी पटलं?" मी म्हटलं, उकाडा आहे. थंडीचे दिवस होते.

मग रेडिओकडून एक पोस्टकार्ड आलं. छापील होतं, खाली हातानं दोन ओळी. मला तारीख वाचता आली, धवळे हा शब्द वाचता आला, आमच्या गावाचं नाव वाचता आलं. खालच्या ओळीत आकडे होते, मीटर का काय, ते मला कळलं नाही आणि विचारावं असंही वाटलं नाही. स्टेशनचे आकडे असतील, आपलं स्टेशन तर लावलेलंच आहे. बायकोला सांगितलं, बुधवारी पाठवणी लागणार. तिनं घर सारवल्यासारखं पुसून काढलं. नवी चटई आणली.

त्या बुधवारी रेडिओ लावला तर खरखर. ना निवेदिका, ना भाताचं औषध. वेळ झाली, वेळ गेली. खरखरीच्या खालून मधेच लांबून कुठल्यातरी परदेशी माणसाचं बोलणं यायचं आणि बुडायचं. ती कान लावून ऐकत होती. म्हणाली, "ही त्यांचीच भाषा."

"गप बस," मी म्हटलं. "रेडिओ बिघडलाय."

दुसऱ्या दिवशी रेडिओ पिशवीत घालून उल्हासनगरला कॅम्पात नेला. तिथं एक ओळखीचा सिंधी दुकानदार होता, जुने सेट दुरुस्त करायचा; पहिल्या वेळचं अर्धं गाणं त्यानंही ऐकलं होतं. त्याच्या दुकानात दिवसभर चार रेडिओ एकदम चालू असायचे. मला बघून हसला.

"आओ मिस्त्री साईं! कल तो तुम्हारे घर में पार्टी हुई होगी. घरवाली का गाना लगा था, उसकी अम्मा का भी. मैंने पूरा सुना. चूडी की आवाज से पहचाना."

मी म्हटलं, "कुठं लागलं? आमच्याकडे खरखर."

त्यानं सेट हातात घेतला, ठिपका बघितला आणि मोठ्यानं हसायला लागला. "ये किसने चिपकाया? अरे, वो स्टेशन तो इधर से उठ गया. चार दिन हो गये. गाँव का प्रोग्राम अब दूसरी जगह, इधर लगता है." त्यानं आपल्या सेटचा काटा नेऊन जागा दाखवली. चार बोटांचा फरक. "वो पुरानी जगह बंद. अब वहाँ कोई नहीं आएगा."

मी विचारलं, शेवटपर्यंत लागलं का?

"पूरा. आखिर में तो बहुत धीरे गाते हैं ना, जैसे किसी को दरवाजे तक छोडने जाते हैं. मेरे को तो रोंगटे आ गये. लाओ, ये तोड दूँ? दो मिनट का काम."

त्यानं पेचकस ठिपक्याला लावला आणि मी त्याच्या हातातून सेट काढून घेतला.

का घेतला हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. ठिपका फुटलेला दिसला असता तर घरी सांगावं लागलं असतं. की बाई, पाठवणी लागली, तुझी आई त्या दिवशी सगळ्यांना पाठवून मोकळी झाली, आणि मी माझ्या शहाणपणानं तुला खरखरीपुढं बसवून ठेवलं. भूकंप झाला तरी हलणार नाही म्हणणारा मी. घरी येऊन मी म्हटलं, "त्यांच्याकडे काही बिघाड झालाय. दुरुस्त झाला की लावतील."

"ह्याच जागी?"

"ह्याच जागी."

ती म्हणाली, "मंग बसते मी. जायचं कुठंय."

एवढ्या थोडक्यात झालं ते. पुढची दोन वर्षं ती दर बुधवारी त्या रिकाम्या जागेपुढं बसली. पहिल्यांदा मला वाटायचं, आज सांगू, पुढच्या बुधवारी सांगू. मग सांगायला उशीर झाला आणि मग उशीरच कारण झालं. तिला खरखरीत एकेक गोष्ट ऐकू यायला लागली. कधी म्हणायची पाटावर पाणी ओतलं, कधी म्हणायची कुणीतरी खोकलं. मी ऐकायचो तर मला काही नाही.

तिचे पाय सुजायला लागले. जिना चढताना दम लागायचा. कुळगावातल्या डॉक्टरनं तपासलं आणि मला बाहेर घेऊन म्हणाला, छातीचा त्रास आहे, उल्हासनगरला मोठ्या दवाखान्यात भरती करा, आठ-दहा दिवस ठेवतील, वेळ घालवू नका. मी तिला सांगितलं. ती चक्क हसली.

"घरात पाव्हणे टाकून जाऊ? बुधवार मधे येतोय."

"मी ठेवीन तांब्या."

"तुमी बोलावलं नाय. मी बोलावलंय. मी नसताना पाठवणी लागली तर? झेलायला कोण हाय?"

मी तिथं सांगायला पाहिजे होतं. चार शब्दांचं काम होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं." ती म्हणाली, "फिरू दे. जाग्यावर तर हाय."

त्यानंतर तीन बुधवार. तिसरा म्हणजे हा वालाचा.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. परात भरत आली होती, मी रेडिओ वाढवला होता. शेजारचा टीव्ही एकदम बंद झाला, मालिका संपली असेल. खोलीत फक्त खरखर. आणि त्या खरखरीत मला बांगड्या ऐकू आल्या. कोपराकडे सारलेल्या. मी हातातला वाल तसाच धरून बसलो. मग दम ऐकू आला. म्हातारीचा, ओसरीतला, तोच. दम आत घेतला आणि पुढं काही नाही. गाणं नाही. आत घेतलेला दम तसाच आत.

मी बायकोच्या हातांकडे बघितलं. तिचे हात परातीत, ओले, बांगड्या मनगटावर. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "आई थांबलीय. मागं झेलायला कुणी नाय म्हणून." असं म्हणून तिनं पण दम घेतला. मी वाट बघितली. तिनं तो सोडून दिला आणि म्हणाली, बिरडं उद्या करते.

मी रेडिओ बंद केला. तिनं तांब्या ठिपक्यापर्यंत भरला, ताट झाकलं. आम्ही झोपलो.

सकाळी उठलो तर ती रेडिओकडे तोंड करून पडलेली होती. हात लावला आणि कळलं. आधी कुणाला तरी हाक मारायला पाहिजे होती, तसं मी केलं नाही. हत्यारांच्या पेटीतून पेचकस काढला. रेडिओ मांडीवर घेतला आणि ठिपका फोडला. एकदम नाही फुटला, चांगला दिला होता. चार-पाच घाव घालावे लागले. लाल कपची उडून परातीत वालांत पडली.

काटा चार बोटं सरकवून त्या सिंध्यानं दाखवलेल्या जागी नेला. सकाळची वेळ, तिथंही गावचा कार्यक्रम नव्हता. एक पोरगी हिंदीत हसत होती, मधे साबणाचं गाणं. मी काटा परत जुन्या जागी आणला. खरखर सुरू झाली.

मी त्या चटईवर जाऊन बसलो, जिथं कुणी बसायचं नव्हतं. आणि बोललो. तिला बोललो का रेडिओला, मला माहीत नाही. म्हटलं, "लागलं होतं. पुरं लागलं होतं, शेवटपर्यंत. तुझ्या आईनं सगळ्यांना पाठवलं. मीच तुला ऐकू दिलं नाही." शेवटचा धवळा मला येत नव्हता, तो एकदा ओसरीत ऐकला होता आणि पुढं तिला गुणगुणताना, तेवढाच. जेवढा आठवला तेवढा मागून झेलल्यासारखा म्हटला. पुढं कुणी म्हणत नव्हतं, तरी म्हटला. बाप्यानं म्हणू नये, तरी म्हटला.

मग रेडिओ बंद केला. तांब्यावरचं ताट काढलं. पाणी ठिपक्यावर होतं. तेवढंच, भरलेलं तेवढंच. कुणी प्यायलं नव्हतं. प्यायला कुणी थांबलंच नव्हतं.

ते पाणी मी उंबऱ्याबाहेर ओतलं, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि शेजाऱ्यांचं दार वाजवलं.